पालपट्टी

पहाटे नाकाडोंगरीच्या रस्त्याने फिरावयास निघाले की धावणारी मुले भेटतात. कोणाच्या पायांत बूट असतात, कोणी अनवाणी असतो. कोणी पोलीस भरतीसाठी धावत असतो, कोणी वनरक्षकाच्या जागेसाठी. बहुतेकांचे डोळे मात्र सैन्याकडे लागलेले असतात. तुमसर तालुक्याच्या या उत्तर टोकाला, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ, धानाची शेती, मोहफूल, तेंदूपान आणि चिखला, डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी हीच काय ती पोटापाण्याची साधने. त्यामुळे घरातील एका मुलाच्या अंगावर गणवेश चढणे, ही येथील गरीब कुटुंबाची फार मोठी आशा असते.

जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली. चार वर्षांची सेवा, आणि त्यानंतर चौघांपैकी एकालाच पुढे कायम ठेवावयाचे, असे तिचे स्वरूप. तेव्हापासून शिकल्यासवरल्या मंडळींच्या तोंडून एक वाक्य आम्ही वारंवार ऐकत आलो आहोत: ‘बंदूक चालवायला शिकवून पोरांना घरी पाठवाल, तर आपल्याकडेही मेक्सिको होईल.’ बोलणाऱ्याच्या मनात ‘लोस झेटास’ ही टोळी असते. सैनिकांनी स्थापन केलेली, अमली पदार्थांचा व्यापार करणारी आणि क्रौर्याने साऱ्या जगाला हादरवून सोडणारी ही टोळी आता चित्रपट-मालिकांमुळे आपल्याही घरांत परिचित झाली आहे.

अग्निपथ योजनेच्या गुणदोषांची चर्चा आम्हांला येथे करावयाची नाही. परंतु या वाक्याला आमचा सक्त विरोध आहे. ते पहाटे धावणाऱ्या त्या मुलांना उद्याचे गुन्हेगार ठरवते, आणि ज्यांना खरोखर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावयास हवे त्यांना अलगद बाहेर ठेवते. झेटांचा इतिहास जे दाखले म्हणून देतात, त्यांनी तो इतिहास नीट वाचलेला नाही, असे आम्हांला नम्रपणे पण ठामपणे म्हणावयाचे आहे.

मेक्सिकोच्या ईशान्येस, अमेरिकेच्या टेक्सास राज्याला लागून, तामौलिपास हे राज्य आहे. तेथे ‘गल्फ कार्टेल’ म्हणजे आखाताची टोळी कित्येक दशके चोरटा व्यापार करीत होती. अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा चोरून दारू नेणाऱ्यांपासून तिची परंपरा सुरू होते आणि कोकेनपर्यंत येऊन पोहोचते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ओसिएल कार्देनास गियेन हा तिचा म्होरक्या बनला. आपल्याच साथीदाराचा काटा काढल्यामुळे त्याला ‘मित्रघातकी’ हे टोपणनाव पडले होते. ज्याने मित्राचा घात केला त्याला मित्रांचेच भय वाटावे, हे स्वाभाविक होते. आपल्या माणसांपासून आपले रक्षण करणारी माणसे त्याला हवी होती. त्या काळात मेक्सिकोच्या सरकारने अमली पदार्थांचा व्यापार मोडण्यासाठी सैनिकांना सीमाभागात पोलिसी कामाला लावले होते. सैन्याच्या विशेष दलातील आर्तुरो गुझमान देसेना हा तरुण त्याच्या गळाला लागला. १९९७ च्या सुमारास त्याने सैन्य सोडले, आणि पाठोपाठ तीसेक सैनिक फोडून आणले. बिनतारी संदेशांतील सांकेतिक अक्षरावरून त्यांना ‘झेटा’ हे नाव मिळाले. गुझमान देसेना हा ‘झेटा एक’, एरिबेर्तो लास्कानो हा ‘झेटा तीन’, असा त्यांचा क्रम होता.

येथे थोडे थांबून पाहावे. या माणसांनी आपण होऊन टोळी काढली नाही. त्यांच्यापुढे कोणीतरी पैशांची थैली धरली. त्यांचे युद्धकौशल्य जनतेच्या करांतून घडले होते, ते एका व्यापाऱ्याने पगार वाढवून विकत घेतले. ती थैली पुढे आली नसती तर गुझमान देसेना हे नाव आपल्याला कळलेही नसते. पुढे २००८ साली याच टोळीने नुएव्हो लारेडो शहरात भर रस्त्यावर कापडी फलक लावून सैनिकांना व माजी सैनिकांना नोकरीचे आमंत्रण दिले. चांगला पगार, पोटभर अन्न, कुटुंबाची काळजी आणि अपमानापासून सुटका, असा त्यावरील मजकुराचा आशय होता. सैनिकाच्या कोणत्या दुखण्यावर बोट ठेवावयाचे, हे सरकारला कळले नव्हते. टोळीला कळले होते.

आता आकड्यांकडे पाहू. २००० ते २००६ या काळात मेक्सिकोच्या सैन्यातून लाखाहून अधिक सैनिक पळाले. टोळीचे संस्थापक मात्र तीसेक. शस्त्राचे शिक्षण हेच विष असते, तर त्या एक लाखाने शंभर टोळ्या उभारल्या असत्या. शिवाय ज्या मिगेल आन्हेल त्रेव्हिनो मोरालेसच्या काळात झेटांच्या क्रौर्याने कळस गाठला, तो ‘झेटा चाळीस’ कधीही सैनिक नव्हता. तो सीमेवरील नुएव्हो लारेडोच्या गल्लीबोळांत वाढलेला माणूस. त्याला कोणत्याही लष्करी छावणीने घडविले नव्हते.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे सैनिक आले आणि आम्ही काय करावे असे विचारू लागले, हा प्रसंग लूककृत शुभवर्तमानात आहे. योहानाने त्यांना तलवार टाकण्यास सांगितले नाही. कोणाकडून जुलमाने काही उकळू नका आणि आपल्या वेतनात समाधान माना, एवढेच त्याने सांगितले. सैनिकाचे पतन कोठून सुरू होते, हे त्या वाळवंटातील संन्याशाने नेमके ओळखले होते. परंतु त्या उपदेशाची एक अव्यक्त बाजूही आहे. ज्या वेतनात समाधान मानावयाचे ते वेतन मिळावयास हवे, आणि ते देणारा धनी प्रामाणिक असावयास हवा.

धनी अप्रामाणिक असला म्हणजे काय होते, हे पाहावयास मराठी माणसाला मेक्सिकोला जाण्याची गरज नाही. पेंढारी आमच्याच इतिहासात आहेत. अठराव्या शतकात मराठी फौजांबरोबर पेंढाऱ्यांची पथके असत. त्यांना ठरावीक वेतन नसे. शत्रूचा मुलूख लुटावा व त्यावर जगावे, अशी व्यवस्था होती. त्या लुटीतून सरदाराला जो कर द्यावा लागे त्याचे नाव ‘पालपट्टी’. वाचकांनी हा शब्द ध्यानात ठेवावा, कारण आमच्या साऱ्या म्हणण्याचे सार त्यात आहे. लूट करणारा बदनाम झाला. पालपट्टी घेणारा मात्र सरदार म्हणून मिरवत राहिला.

१८०३ साली शिंदे आणि नागपूरकर भोसले यांना इंग्रजांशी तह करावे लागले. फौजा आटल्या, घोडेस्वार बेकार झाले आणि त्यांतील अनेक जण पेंढाऱ्यांना जाऊन मिळाले. त्यांत पठाण होते, मराठे होते, अनेक जातीधर्मांचे लोक होते. आता एक धनी उरला नव्हता. चितू, करीमखान, वासिल महंमद अशा अनेक म्होरक्यांच्या टोळ्या नर्मदेच्या खोऱ्यातून निघत आणि मिर्झापूरपासून गुंटूरपर्यंत धाड घालीत. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा आमचा मुलूख तेव्हा भोसल्यांचा. नागपूरच्या राज्यात गावोगाव मातीच्या गढ्या उभ्या राहिल्या त्या याच काळात. धाड आली की शेतकरी बायकामुलांसह गढीत शिरे आणि बाहेरचे सारे गेले असे समजून केवळ प्राणांसाठी लढे. ज्या धन्यांनी पूर्वी पालपट्टी वसूल केली त्यांच्याच रयतेवर हा प्रसंग आला.

१८१७-१८ मध्ये गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज याने लाखाहून अधिक फौज गोळा करून पेंढाऱ्यांचा बीमोड केला. चितू असीरगडाजवळच्या जंगलात वाघाच्या तोंडी गेला. करीमखान शरण आला, त्याला गोरखपूरकडे जमीन मिळाली. अमीरखानाला तर टोंकची नबाबी मिळाली. केवळ तलवारीने हा प्रश्न सुटला नाही. जमिनीने आणि उपजीविकेनेही सुटला, हे आम्ही मुद्दाम नोंदवितो. परंतु कंपनी सरकारच्या न्यायबुद्धीचे गोडवे गाण्याआधी पुढचे पान उलटावे. ज्या माळव्यातून पेंढारी हुसकले गेले तेथे अफू पिके. १८३० च्या सुमारास कंपनीने अशी व्यवस्था केली की माळव्याची अफू मुंबई बंदरात न्यावयाची तर परवाना घ्यावा आणि पेटीमागे शुल्क भरावे. ही अफू चीनमध्ये जात असे. चीनच्या बादशहाने अफूचा व्यापार रोखू पाहिला, तेव्हा इंग्रजांनी आरमार पाठविले आणि १८३९ ते १८४२ असे युद्ध केले. दुसरे युद्ध १८५६ ते १८६० या काळात झाले. विष विकण्यासाठी सैन्य वापरणे हा शोध मेक्सिकोतील टोळ्यांचा नव्हे. पालपट्टी तीच होती. कागदावर तिला महसूल असे नाव होते.

आता पुन्हा झेटांकडे वळू, कारण त्यांच्या उदयापेक्षा त्यांची शकले कशी झाली यात अधिक शिकण्यासारखे आहे. म्होरक्याला टिपले की टोळी संपते, हा आजच्या राज्यकर्त्यांचा आणि वाचकांचाही आवडता समज आहे. त्या समजाची येथे कसोटी लागते. नोव्हेंबर २००२ मध्ये ‘झेटा एक’ मातामोरोस शहरात मारला गेला. मार्च २००३ मध्ये खुद्द ओसिएल पकडला गेला. २००७ साली त्याला अमेरिकेच्या स्वाधीन करण्यात आले. टोळी मोडली का? उलट, कालचे अंगरक्षक लास्कानोच्या हाताखाली भागीदार झाले. २०१० साली त्यांनी जुन्या धन्याच्या टोळीशी उघड युद्ध पुकारले आणि सीमेवरची शहरे पेटली. ऑक्टोबर २०१२ मध्ये नौसैनिकांनी लास्कानोला ठार केले. त्याचे प्रेतही त्याच्या माणसांनी पळवून नेले. जुलै २०१३ मध्ये त्रेव्हिनो पकडला गेला, मार्च २०१५ मध्ये त्याचा भाऊ. त्यानंतर झेटांची शकले झाली. एकाने ‘ईशान्येची टोळी’ असे नाव घेतले, दुसऱ्याने ‘जुन्या वळणाचे झेटा’ म्हणवून घेतले, आणि दोघे एकमेकांवर तुटून पडले. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने ईशान्येच्या टोळीला दहशतवादी संघटना घोषित केले. त्याच महिन्यात त्रेव्हिनो बंधूंना अमेरिकेच्या हवाली करण्यात आले. पहिला म्होरक्या पडल्याला तेव्हा बावीस वर्षे लोटली होती.

एवढी मुंडकी उडूनही धड का मेले नाही? कारण त्याला अन्न पुरविणाऱ्या नाड्यांना कोणी हात लावला नाही. सीमेपलीकडे गिऱ्हाईक होते, तिकडूनच बंदुका येत होत्या. टोळी मोठी होती तोवर ती कोकेनच्या लांब पल्ल्याच्या व्यापारावर जगे. तिची शकले झाली तेव्हा लहान शकलांना तो व्यापार पेलेना. मग खंडणी, अपहरण, तेलवाहिन्यांतून चोरी, असे जवळच्या माणसाला नाडणारे धंदे वाढले. पेंढाऱ्यांचे जे झाले तेच येथे झाले. धनी गेला की लुटारू सुधारत नाही, त्याची लूट घराजवळ येते.

आणि पालपट्टी कोण घेत होते? डिसेंबर २००६ मध्ये मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांनी टोळ्यांविरुद्ध युद्ध पुकारले. त्या काळात सार्वजनिक सुरक्षेचे मंत्री होते खेनारो गार्सिया लुना. त्यांनी सिनालोआच्या टोळीकडून लाच घेतल्याचे न्यूयॉर्कच्या न्यायालयात २०२३ साली सिद्ध झाले, आणि २०२४ साली त्यांना ३८ वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा झाली. युद्धाचा सेनापतीच शत्रुपक्षाच्या एका टोळीचा पगारी होता. एचएसबीसी या जगप्रसिद्ध बँकेने मेक्सिकोतील टोळ्यांचा पैसा आपल्या खात्यांतून वाहू दिला म्हणून २०१२ साली तिला अमेरिकेत सुमारे १९० कोटी डॉलर भरावे लागले. परंतु त्या प्रकरणात बँकेचा एकही वरिष्ठ अधिकारी तुरुंगात गेला नाही. आमचे सुशिक्षित मित्र सैनिकाला भितात. मंत्र्याला आणि बँकेला ते भीत नाहीत.

या सर्वांची किंमत कोणी मोजली, हेही सांगितले पाहिजे. ऑगस्ट २०१० मध्ये तामौलिपासमधील सान फर्नांदो येथे झेटांनी ७२ जणांना ठार केले: ५८ पुरुष आणि १४ स्त्रिया. होंडुरास, एल साल्वादोर, ग्वाटेमाला, इक्वेडोर, ब्राझील अशा देशांतून मजुरीच्या शोधात उत्तरेकडे निघालेली ती माणसे होती. एक जखमी तरुण नौसैनिकांच्या चौकीपर्यंत कसाबसा पोहोचला म्हणून जगाला हे कळले. पुढच्या वर्षी त्याच परिसरातील खड्ड्यांतून १९३ प्रेते निघाली. मेक्सिकोच्या मानवाधिकार आयोगाने २००९ साली दिलेल्या अहवालानुसार केवळ सहा महिन्यांत ९,७५८ स्थलांतरितांचे अपहरण झाले होते. आमच्या भागातूनही माणसे कामासाठी दूरवर जातात. रात्रीच्या गाडीने, हातात एक पिशवी आणि ओळखीच्या कोणा मुकादमाचा क्रमांक घेऊन निघणारा मजूर ज्याने पाहिला आहे, त्याला सान फर्नांदो दूरचे वाटणार नाही.

आतापर्यंत आम्ही सरदार, कंपनी, मंत्री आणि बँक यांच्याविषयी बोललो. ते सोपे आहे, कारण त्यांत आपण नाही. आता जे बोलावयाचे ते आपल्या घरातील आहे.

मेक्सिकोच्या इडाल्गो राज्यात, पाचुका शहराच्या एका वस्तीत, एक प्रार्थनामंदिर उभे आहे. त्याला संत जॉन पॉल द्वितीय यांचे नाव दिलेले. त्याच्या भिंतीवर धातूची पाटी होती आणि तीवर देणगीदार म्हणून एरिबेर्तो लास्कानो याचे नाव कोरलेले होते. होय, तोच ‘झेटा तीन’. २०१० साली ही गोष्ट वृत्तपत्रांत आली तेव्हा, आम्हांला याची कल्पना नव्हती, असे चर्चच्या अधिकाऱ्यांनी सांगितले. त्याआधी २००५ साली तेथील एका महागुरुस्वामींनी अशा दानाचे जाहीर समर्थन केले होते; पैसा वाईट मार्गाने आला तरी सत्कार्याने शुद्ध होतो, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. त्यावर मोठे वादळ उठले, ते योग्यच होते.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील मुख्य याजकांबद्दल कोणाही ख्रिस्ती माणसाच्या मनात फारसा आदर नसतो. तरीही यहुदाने तीस रुपये मंदिरात फेकले तेव्हा, हे रक्ताचे मोल आहे, ते मंदिराच्या भांडारात टाकणे योग्य नाही, एवढे त्यांनाही समजले. त्या पैशांतून त्यांनी परक्यांना पुरण्यासाठी कुंभाराचे शेत घेतले. ज्यांनी ख्रिस्ताला मरणाच्या हवाली केले त्यांनी जो प्रश्न विचारला, तो ख्रिस्ताच्या नावाने मंदिर बांधणाऱ्यांना सुचू नये? पाटीवर नाव कोरणाऱ्या कारागिराने ते नाव वाचलेच असेल. मंदिराला आशीर्वाद देणाऱ्यानेही वाचले असेल. सान फर्नांदोच्या खड्ड्यांतील परक्यांचे मोल देणगीच्या त्या पैशांत मिसळलेले नव्हते, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकेल काय?

न्यायासाठी दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच देशात फादर अलेहांद्रो सोलालिंदे यांनी २००७ साली इश्तेपेक येथे स्थलांतरितांसाठी निवारा उघडला. धमक्यांमुळे २०१२ साली त्यांना काही काळ देश सोडावा लागला, आणि ते परत आले. व्हेराक्रूझ राज्यातील ला पात्रोना या खेड्यातील स्त्रिया १९९५ पासून, मालगाडीच्या टपावर बसून जाणाऱ्या उपाशी स्थलांतरितांच्या हातांत धावत्या गाडीत भात-घेवड्याच्या पुरचुंड्या देत आल्या आहेत. या स्त्रिया गरीब. त्यांच्या नावाच्या पाटीसाठी कोणी भिंत बांधली नाही. परंतु त्या देशात चर्चची लाज कोणी राखली असेल तर ती अशा हातांनी राखली.

आता आम्ही आपल्याकडे येतो. आमच्या धर्मग्रामांतून आणि शेजारच्या मंदिरांतूनही देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या वाढत चालल्या आहेत. सणाच्या मंडपाला, शाळेच्या खोलीला, घंटेला, कमानीला देणगी येते आणि आपण पावती फाडतो. रक्कम मोठी असली की खुर्ची पुढची मिळते. ती रक्कम चोरट्या रेतीची आहे की दारूच्या गुत्त्याची, कोणाच्या जमिनीवरच्या दांडगाईची की सावकारीची, हे विचारणे आपल्याला असभ्यपणाचे वाटते. याच देणगीदारांना उद्या ‘माणसे’ लागतात. घाटावर लागतात, निवडणुकीत लागतात, जागा रिकामी करून घेण्यास लागतात. पहाटे धावणारा मुलगा भरतीत नापास होऊन अथवा चार वर्षे पूर्ण करून गावी येईल, तेव्हा त्याच्या दारात पहिला कोण जाईल? आपल्या संस्थांचे चालक, की पुढच्या खुर्चीवर बसलेला तो गृहस्थ?

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळाने मोठी देणगी घेण्यापूर्वी तिचा उगम विचारावा, तो नोंदवावा, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर ती परत करावी. देणगीदारांच्या नावांच्या पाट्या बंद कराव्यात. सैन्यातून परतणाऱ्या तरुणांसाठी आमच्या शाळांनी, दवाखान्यांनी आणि पतसंस्थांनी आधी आपले दार उघडावे. केवळ रखवालदाराची काठी त्याच्या हाती देऊन मोकळे होऊ नये. पैसा कमी पडेल, कमान अपुरी राहील. राहू द्यावी.

आमच्या गावाच्या नावातच नाका आहे. ते नाव कसे पडले याची चर्चा आम्ही करीत नाही. परंतु नाक्याची दोन कामे आम्हांला ठाऊक आहेत. तेथे थांबवून विचारता येते की गाडीत काय आहे. आणि न विचारता हात पुढे करून गाडी सोडताही येते. सरदारांनी, कंपनीने, मंत्र्यांनी आणि पाचुकाच्या मंदिराने दुसरे काम केले. आपल्या दाराशी येणाऱ्या पैशाला आपण पहिला प्रश्न विचारणार आहोत काय, एवढेच आता ठरवावयाचे आहे. तोवर, पहाटे धावणाऱ्या मुलांकडे संशयाने पाहण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही.